ह. लताबाई

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. बाबांचं बीपी नॉर्मल आहे, आई नेहमीसारखी चिडते आहे. मी हे व्हॉट्सअॅपवर लिहिणार होते, पण माझं व्हॉट्सअॅप बाबांच्या टॅबवर लिंक आहे, त्यांना सोसायटीच्या ग्रुपवरचे फोटो मोठे करून बघायचे असतात. आणि फोन केला की तू दीड मिनिटात 'मीटिंग आहे गं, नंतर करतो' म्हणतोस. म्हणून कागद. शुद्धलेखनाला हसायचं नाही. तुला निदान चौथीपर्यंत मराठी शाळा मिळाली, मला केजीपासून इंग्लिश मीडियम. एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाईन की एटी नाईन हे मला अजून मनात मोजावं लागतं. जोक म्हणून सांगत नाहीये, पुढे ते लागणार आहे.

सुरुवात फ्रिजपासून झाली. भाऊबीजेला तू गेलास आणि तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद पडला. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी होती, फक्त बिल दाखवायचं होतं. बाबा म्हणाले, 'बिल आहे, माझ्याकडचं बिल कुठे जात नाही,' आणि स्टोअर रूमच्या दाराआड गेले. त्यांच्या तारा आठवतात ना? खाली लाकडी चकती, वर आकडा, दर वर्षाची एक तार आणि पावती आली की खच्चकन टोचायची. आपण लहान असताना त्यांना हात लावला की ओरडा बसायचा. बाबांनी बरोबर ती तार काढली, बरोबर तो कागद काढला. कागद कोरा होता. एकदम पांढरा. थर्मल पेपर असतो ना, त्याची शाई उडून जाते. बाबा चष्मा काढून बघत होते, घालून बघत होते, बाल्कनीत नेऊन उन्हात धरून बघत होते. 'मी नीट ठेवली होती गं,' एवढंच म्हणाले. अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्यांना आधीच वाटतं की घरातलं काहीच आता त्यांच्याकडे राहिलेलं नाही. मला इतकं कसंतरी झालं की मी म्हटलं, बाबा, घरातल्या सगळ्या पावत्या आता मी लावते.

तुला माहीत आहे, मी काही करायला घेतलं की कशी करते. दोन दिवसांत पाच व्हिडिओ बघितले, सहा रंगांचे फोल्डर आणले, लॅपटॉपवर शीट केली, आणि हद्द म्हणजे ऑनलाइन लॅमिनेशन मशीन मागवलं. म्हटलं एकेक पावती प्लॅस्टिकमध्ये घालून कायमची पक्की करून टाकू. पहिली घातली पाण्याच्या फिल्टरची. एका बाजूने पांढरी गेली, दुसऱ्या बाजूने तव्यावर विसरलेल्या पापडासारखी काळी बाहेर आली. थर्मल पेपरला गरम केलं की तो काळा होतो हे पाचही व्हिडिओंमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. आई हसून हसून खाली बसली. बाबा म्हणाले, 'असू दे, कोळशाच्या फोल्डरला लाव.' त्यानंतर मी नियम केला, आधी मोबाईलवर फोटो, मग हात. तारीख, दुकान, वस्तू, कोणाच्या नावाने, सगळं शीटमध्ये. शेवटचा एक कॉलम 'शेरा'. तो कॉलम मी कशाला ठेवला असं आता वाटतं.

कारण पावत्या वाचायला लागलं ना दादा, की घरातली माणसं वेगळीच दिसायला लागतात. बाबांच्या शर्टाच्या खिशात मला मिसळीचं बिल सापडलं. दोन मिसळ, दोन एक्स्ट्रा पाव, एक ताक. तारीख ऑगस्टची, म्हणजे डॉक्टरांनी तेल-तर्री बंद सांगितल्यानंतरची. मी जेवताना ते बिल त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबा आधी म्हणाले की ते फिरायला बरोबर असणाऱ्या वाल्मीककाकांचं बिल चुकून आपल्या खिशात आलं. मी म्हटलं, काकांनी दोन मिसळी एकट्याने खाल्ल्या? तर आईकडे बघत म्हणाले, 'घरात पोरगी होती तेव्हा बरं होतं, आता सीबीआय आलीये.' मग कबूल झाले. सगळे हसलो, पण माझ्या डोक्यात ते चढलं. संशय घ्यायचा आणि तो खरा निघायचा, याची एक मजा असते. पहिल्यांदा खरा निघाला नसता तर बरं झालं असतं.

आईच्या पावत्या तारेला नसतात. तिच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये, मिक्सरच्या वॉरंटीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, सगळ्या एकत्र, टेलरची चिठ्ठी, गॅसचं कार्ड, औषधांची बिलं. ती पिशवी मी पंधरा डिसेंबरला काढली. त्यात तळाला एक गुलाबी कागद होता, आठ घड्या घातलेला. सराफ बाजारातल्या एका दुकानाचा, हाताने लिहिलेला, खालून कार्बनची निळी शाई. सगळ्यात वरची ओळ घडीवर आल्यामुळे पुसून गेली होती. खालचं वाचता येत होतं. तारीख गेल्या वर्षीची, अठरा जुलै. 'जुनी पैठणी १ नग. मोड.' आणि सहीच्या वर, 'ह. लताबाई.'

आता मी ते कसं वाचलं ते ऐक. आमच्या शाळेत रजिस्टरवर नाव असायचं व्ही. संपदा, आर. निखिल. आधी इनिशियल, मग नाव. लतामावशीच्या नवऱ्याचं नाव हिरामण. म्हणजे एच. लताबाई. म्हणजे पावती लतामावशीच्या स्वतःच्या नावाची. आणि मोड? मला वाटलं मॉड. मॉडिफिकेशन. हल्ली जुन्या पैठणीचं जॅकेट करतात, पर्स करतात, ब्लाउज करतात, काठ काढून नव्या साडीला लावतात, माझ्या मोबाईलवर रोज येतात तसले व्हिडिओ. म्हणजे लतामावशीने एक जुनी पैठणी स्वतःच्या नावाने नवं काहीतरी करून घ्यायला दिली. मावशी, जी चौदा वर्षं आपल्याकडे कामाला येते, जिने मला हात धरून स्कूलबसला सोडलं, तुझ्या दहावीच्या डब्यातल्या पोळ्या जिने केल्या, तिच्याकडे जुनी पैठणी कुठून आली?

मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. आजीची पैठणी ज्या पांढऱ्या मलमलमध्ये बांधलेली असते ते बोचकं जागेवर होतं. उचललं तर वजनसुद्धा होतं. सोडलं, तर आत आईची जुनी गडवाल साडी. कोणीतरी मुद्दाम तेवढ्याच जाडीची साडी घालून ठेवली होती, की वरून हात लावला तर कळू नये. आजीची जांभळी, हिरव्या काठांची, खऱ्या जरीची नऊवारी. आजीने ती मला दाखवली तेव्हा तू तिथेच चिवडा खात बसला होतास, आठवतं? आजी म्हणाली होती, 'ही संपूची, हिला कोणी हात लावायचा नाही.' तू म्हणाला होतास, 'मला काय, मी थोडीच नेसणारे.'

मग मला नांदगावचं लग्न आठवलं. मावशीच्या मुलीचं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. आई आणि मी गेलो होतो. नवरी जांभळ्या पैठणीत होती. माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे. मी तो इतका मोठा करून बघितला की शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले, आणि त्या चौकोनांत मला आजीचे मोर दिसले. बघायचं ठरवलं की दिसतं.

पुढचे आठ दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते. लिहायला लाज वाटते, पण शीटमध्ये तारखा आहेत. 'मावशी आणि आई बेडरूममध्ये, दार लोटलेलं.' 'मी आल्यावर बोलणं बंद.' 'आईने पिशवी दिली, विचारलं तर म्हणाली जुने कपडे.' मावशी मला विचारायची, 'संपू, आज लय बघू राहिली माझ्याकडं, काय शिंगं आली का मला?' आणि मी म्हणायचे काही नाही. मंगळवारी सकाळी बाबा पेपर वाचत होते, आई फोडणी करत होती, दूध गॅसवर होतं. मी तो गुलाबी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, 'मावशी, ही पावती तुमचीच ना? आणि आजीची पैठणी कुठे आहे?' मावशीने हात पुसले, वाकून कागद बघितला. मग आईकडे बघितलं. आईचा डाव हवेतच थांबला होता. आई तोंड उघडणार एवढ्यात मावशीने मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणून. मला नाही, आईला. मला वाटलं हा मावशीचा आईला इशारा आहे, 'ताई, मला वाचवू नका' असा. मी इतकी खूश झाले माझ्या नजरेवर!

बाबा म्हणाले, 'लताबाई, काय आहे हे?' ती म्हणाली, 'काय नाय भाऊ. माझं नाव हाय ना त्याच्यावर? हाय तर हाय.' तिने जुडग्यातून तिच्याकडे असायची ती आपल्या फ्लॅटची किल्ली काढली, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली, चपला घातल्या. दारातून मागे वळून म्हणाली, 'संपू, दूध बघ, उतू जाईल.' आणि गेलंच उतू. आई गॅस बंद करायच्या ऐवजी बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. बाबा पेपर तसाच धरून दिवसभर एकच वाक्य बोलत होते, 'चौदा वर्षं गं.' पोलिसांत जायचं नाही म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे, पण बाकीच्यांना सावध तर केलं पाहिजे.

ते मी केलं. सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर. नाव लिहिलं नाही, मला वाटलं तेवढं पुरेसं आहे. 'काही घरकामाच्या बायका आपल्या वस्तू स्वतःच्या नावाने दुकानात देतात, प्लीज सगळ्यांनी आपापल्या पावत्या आणि कपाटं चेक करा, हेल्प लागली तर मला सांगा.' आपल्या विंगमध्ये घरकामाला कोण येतं हे सगळ्यांना माहीत आहे. दोन मिनिटांत तीनशे दोनच्या मंगलाकाकूंचं उत्तर आलं, 'मला आधीच वाटलं होतं.' अकरा अंगठे. दोन दिवसांत मावशीची बिल्डिंगमधली उरलेली तिन्ही घरं बंद झाली. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगू? बरं वाटलं. लिफ्टमध्ये काकू लोक मला थांबवून पावत्या कशा ठेवायच्या विचारत होत्या.

फक्त आई. दादा, आपली आई एक वांगं किडकं निघालं तर भाजीवाल्याकडे परत जाते. तीच आई अख्खी पैठणी गेली तर गप्प. एकदाही म्हणाली नाही की शोधू या, एकदाही मावशीला शिव्या नाहीत. दुसरी बाई बघितली नाही, स्वतः भांडी घासत होती. आणि रोज संध्याकाळी 'चालायला जाते' म्हणून डबा घेऊन बाहेर. चालायला जाताना डबा? माझा संशय तेव्हा मावशीवरून उठून आईवर जाऊन बसला. मला वाटलं दोघींनी मिळून काहीतरी केलंय. म्हणून मी तो कागद घेऊन सराफ बाजारात गेले, म्हटलं दुकानात नीट उलगडा होईल.

दुकान म्हणजे एक गादी, एक काटा आणि पांढरी टोपी घातलेले आजोबा. बाहेर पाटी, 'जुनी जर घेतली जाईल.' मी त्यांना पावती दिली आणि म्हटलं, 'आजोबा, ही मॉडिफिकेशनला दिलेली पैठणी तयार झाली का, आणि एच. लताबाईंनी ती नेली का?' त्यांनी मला दोनदा परत बोलायला लावलं. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, 'अहो, इकडे या, हिचं ऐका.' दोघं हसले. मग म्हणाले, 'बाळ, मोड म्हणजे मोड. सोनं मोडतात तशी जर मोडली. साडी जाळून जर वितळवली, चांदी काढली. तुझी पैठणी आता कुणाच्या तरी देवघरात निरांजन झाली असेल.' मी विचारलं, 'आणि एच. लताबाई?' ते म्हणाले, 'एच कसला? ह. म्हणजे हस्ते. माल एकाचा, घेऊन येणारा दुसरा. ज्याचा माल त्याचं नाव वर, ज्याच्या हातून आला त्याचं नाव खाली. शाळेत शिकवत नाहीत का हे?' आणि त्यांनी मागचं पुस्तक काढून कार्बनखालची प्रत उघडली. वरची ओळ तिथे अजून गडद निळी होती. सौ. कुसुम वेणीमाधव. आपली आई.

त्यांना तो दिवस आठवत होता. म्हणाले, 'दोघी आल्या होत्या. ज्यांची साडी त्या पायरीवरच बसल्या, आत येईनात. पदर डोळ्यांना. दुसरीने बोचकं आणलं, काट्यावर ठेवलं, मीच घेऊन आले म्हणून लिहा म्हणाली. म्हणून तिचं नाव लिहिलं.' मी त्याच पायरीवर बसले, दादा. मला वाटलं होतं मी इथून पुरावा घेऊन जाईन.

पण आईने का केलं? घरी येऊन मी शीट तारखेप्रमाणे लावली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा काहीतरी उपयोग झाला. अठरा जुलै, पैठणी. अठरा जुलै, एसटीचं तिकीट, नाशिक ते पुणे, एक महिला, अर्धं भाडं. फिकट झालंय, पण फोटोत वाचता येतं. म्हणजे सराफ बाजारातून पैसे घेऊन थेट स्टँड. आई तेव्हा चार दिवस कॉलेजच्या मैत्रिणींच्या गेट टुगेदरला गेली होती, आठवतं? रांगोळीचासुद्धा फोटो टाकणारी बाई, त्या चार दिवसांचा एक फोटो नाही. एकवीस जुलै, पुण्यातल्या मेडिकलचं बिल. ते मी आधी न वाचताच लाल फोल्डरमध्ये टाकलं होतं, कारण त्या वर्षी घरातली सगळी औषधं बाबांचीच. आता वाचलं. माउथवॉश. दातांच्या तारेला लावायचं मेण. स्ट्रॉचं पाकीट. प्रोटीन पावडर तीन डबे. बाबांच्या हृदयाला माउथवॉश कशाला? मी फोटो मोठा केला. पेशंटचं नाव होतं आल्हाद. तुझं.

मग सगळं आपोआप लागत गेलं. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तू कॅमेरा बंद ठेवून बोलायचास, 'नेट स्लो आहे.' तोंडातल्या तोंडात बोलायचास, मी म्हटलं होतं दादा पुण्याला जाऊन पुटपुटायला लागला. गणपतीला आला नाहीस, तू, जो मोदकांसाठी परीक्षा सोडून येशील. दिवाळीला आलास तो एकदम दाढी वाढवून. मी तुझ्या फोटोखाली आगीची तीन चित्रं टाकली होती. दाढीखाली काय आहे रे, मोडलेल्या जबड्याची खूण?

मी आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. म्हणाली, 'मला काही विचारू नकोस. हॉस्पिटलमध्ये त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलाय.' मी म्हटलं, बाबांच्या अँजिओप्लास्टीला तेव्हा दोन महिने पण झाले नव्हते म्हणून ना? तिने पोळीवर पीठ भुरभुरलं. मी म्हटलं, बाईकवरूनच पडला ना तो? जिला बाबांनी नाही म्हटलं होतं आणि दादाने तिकडे जाऊन घेतली, तीच? तेव्हा ती फक्त म्हणाली, 'त्या गाडीचं नाव या घरात काढू नकोस.' पोळी फाटली होती. तिने ती तशीच तव्यावर टाकली.

काल दुपारी मी वडाळा गावात मावशीच्या घरी गेले. गल्लीत शिरताच शेजारची गुलजारबी उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती, ती आत ओरडली, 'लता, वो पावतीवाली आई है, डब्बे गिन के रख!' मावशीने तिला गप्प बसवलं आणि मला पाणी दिलं. मी रडले, माफी मागितली, ह. म्हणजे काय तेही सांगितलं. ती म्हणाली, 'मला काय माहीत ह. न् फ.? आजोबांनी विचारलं नाव काय, मी सांगितलं.' मग तिने फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पावत्या. येवल्याच्या दुकानाची, मुलीच्या लग्नाच्या पैठणीची, रंग जांभळा असंही लिहिलेली. मोबाईलची. नथीची. आईने तिला वास्तुशांतीला स्टीलचा हंडा दिला होता, त्याची पावती नसणार म्हणून तिने आईकडून चिठ्ठी लिहून घेतली होती, ती पण. ना फोल्डर, ना रंग, पण जी म्हणशील ती एका हातात निघत होती. मी विचारलं, मावशी, एवढ्या कशाला ठेवता? ती म्हणाली, 'आमच्या घरात नवी वस्तू दिसली का लोक आधी इचारतात, कुठून आणली. मग दाखवावं लागतं बाई.' दादा, ती त्या दिवशी हा डबा आणून माझ्या तोंडावर टाकू शकत होती. तिने का नाही टाकला? कारण मग पुढचा प्रश्न निघाला असता, की मग आजीची पैठणी कुठे गेली, आणि समोर बाबा बसले होते. आई रोज डबा घेऊन तिच्याकडेच जात होती. रोज म्हणायची, मी आज सांगून टाकते, आणि रोज मावशीच तिला थांबवायची. मला म्हणाली, 'माफी मला नको मागू. इथं कोण ऐकू राहिलं, ही गुलजारबी? जिथं बोलली तिथं बोल. पण भाऊंना सांगायचं तर आल्हादनी सांगायचं. ताईंनी दिलेला शब्द मी नाय मोडणार.' मोडणं म्हणजे काय ते मला आता कळतं.

तर म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग आहे. मी उभी राहून सांगणार आहे की मी खोटं लिहिलं. पण नुसतं 'मी चुकले' म्हटलं तर मंगलाकाकू विचारणारच, मग पैठणी गेली कुठे? आणि मी गप्प बसले तर मावशी आयुष्यभर अर्धी चोर राहील, तिची चार घरं परत येणार नाहीत. खरं सांगितलं तर पहिल्या रांगेत बाबा असतील, स्वतःची खुर्ची घेऊन आलेले. त्यांना ते चार लोकांत, माझ्या तोंडून कळायला नको. म्हणून तू शनिवारी ये. डॉक्टर म्हणालेत आता ते चार मजले चढू शकतात, म्हणजे तुझा जबडा पण पचवतील. दाढी काढून ये. आईने मला विचारून पैठणी दिली असती तर मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं, मला खरंच माहीत नाही, त्याचा राग आहे आणि तो मी तुझ्यासाठी ठेवलाय. तू आला नाहीस तरी रविवारी मी बोलणार आहे, शब्द तुझा आणि आईचा आहे, मी कोणालाच दिलेला नाही. सोबत ती गुलाबी पावती ठेवलीये, मूळची, फोटो नाही. बाबांना दाखव आणि मग त्यांच्याच हाताने गेल्या वर्षीच्या तारेला लावून घे. तिच्यावर वर आईचं नाव आहे, खाली मावशीचं. ज्याच्यासाठी ती मोडली त्याचं कुठेच नाही, ते तू येऊन सांग. मावशीचं नाव ज्याच्या हातून गेलं, ते मी खाली लिहिते.

तुझीच,
ह. संपदा